डी.सी.-३ चे प्रतिरूप : जुळवणी आणि पाठशुद्धी

संगणकावरील उड्डाण-सिम्युलेटरसाठी एखाद्या विमानाचे प्रतिरूप सिद्ध झाले, म्हणजे त्याच्या कर्त्याकडून एक दावा हटकून केला जातो : 'पुस्तिकेतील आकडे जुळतात.' अमुक उंचीवर, अमुक वजनाला, इंजिनाच्या अमुक फेऱ्यांना विमानाची जी गती वैमानिकाच्या पुस्तिकेत नमूद केलेली असते, तीच गती पडद्यावरील तबकडीही दाखविते, एवढाच या विधानाचा अर्थ. विधान बहुधा खरे असते. परंतु ते कशाच्या बळावर खरे ठरले, हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही. आकडा जुळणे आणि कारण जुळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली साधण्यासाठी दुसरीचा बळी देण्याची सोय प्रतिरूपकाराच्या हाताशी सदैव असते. दोन इंजिनांच्या प्रॉपेलर-विमानात ही सोय विशेष महाग पडते, आणि डी.सी.-३ या विमानाच्या उदाहरणावरून ते स्पष्ट दाखविता येण्यासारखे आहे.

हेच विमान निवडण्यास कारण आहे. १७ डिसेंबर १९३५ रोजी ते प्रथम उडाले. त्याचे व त्याच्या लष्करी रूपांचे मिळून दहा हजारांहून अधिक नग एकट्या अमेरिकेत तयार झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर भारतातील विमानवाहतुकीचाही बराच भार त्याच विमानाने वाहिला. इकडे ते ब्रिटिशांनी दिलेल्या 'डकोटा' या नावाने ओळखले गेले. पुढे मराठी बोलीत हे नाव खिळखिळ्या झालेल्या कोणत्याही वाहनाला चिकटले, हा त्या विमानावर झालेला अन्यायच म्हणावयाचा. सिम्युलेटरच्या जगातही त्याची लोकप्रियता टिकून आहे. मायक्रोसॉफ्टच्या 'फ्लाइट सिम्युलेटर'ची जी आवृत्ती २००३ मध्ये उड्डाणाच्या शताब्दीनिमित्त निघाली, तीतील ऐतिहासिक विमानांत डी.सी.-३ होते, २०२२ मध्ये त्याच मालिकेच्या चाळिसाव्या वर्षाच्या आवृत्तीत ते पुन्हा आले. विमानाची मापे सर्वश्रुत आहेत : पंखांचा विस्तार ९५ फूट, क्षेत्रफळ ९८७ चौरस फूट, प्रत्येकी चौदा सिलिंडरांची व सुमारे १२०० अश्वशक्तीची दोन प्रॅट अँड व्हिटनी इंजिने, वाहतूक-कंपन्यांच्या वापरात सुमारे २५,२०० पौंडांचे वजन. म्हणजे ज्या ग्रंथाच्या हस्तलिखितांची वाण नाही, असाच हा ग्रंथ आहे. येथेही चूक होत असेल, तर ती साधनांच्या दुर्भिक्षाची नव्हे, पद्धतीची होय.

आता जुळवणीची प्रत्यक्ष रीत पाहू जाता असे दिसते. समजा, प्रतिरूप तयार झाले आणि उड्डाणात त्याची प्रवासगती १५० नॉट भरली. पुस्तिकेप्रमाणे ती १६० हवी होती. दहा नॉटांची ही तूट भरून कशी काढावयाची? विमानाच्या आकारामुळे होणारा हवेचा रोध गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्या रोधाला तोंड देण्यास लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. उत्थापनामुळे उत्पन्न होणारा दुसरा रोध प्रवासगतीस तुलनेने थोडा असल्याने तो तूर्त बाजूस ठेविला, तर १६० भागिले १५० या गुणोत्तराचा घन सुमारे १.२१ येतो. अर्थात् दहा नॉटांसाठी शक्ती एकवीस टक्क्यांनी वाढवावयास हवी, अथवा रोध सुमारे अठरा टक्क्यांनी घटवावयास हवा. मायक्रोसॉफ्टच्या त्या काळच्या आवृत्त्यांत प्रत्येक विमानाच्या फाइलीत 'फ्लाइट ट्यूनिंग' या नावाचा एक भागच असे. रोध, सुकाणूची परिणामकारकता, स्थैर्य यांसाठी एकेक गुणक तेथे मांडलेला असे. इंजिनाच्या शक्तीसाठी व प्रॉपेलरच्या रेट्यासाठी असेच गुणक अन्यत्र असत. सर्व गुणकांचे मूळ मूल्य १. त्यांपैकी कोणताही एक बदलला की १६० चा आकडा हाती येतो, आणि दावा करण्यास प्रतिरूपकार मोकळा होतो.

पण ज्या मार्गाने तो आकडा हाती आला, त्या मार्गाचे परिणाम तेथेच थांबत नाहीत. शक्तीचा गुणक १.२१ केला, तर १२०० अश्वशक्तीचे इंजिन साडेचौदाशेचे होते; विमान अवास्तव थोड्या धावेत जमीन सोडते व पुस्तिकेतील चढाचे आकडे मागे टाकते. रोध घटविला, तर चढ तितका बिघडत नाही, परंतु इंजिने मंद करून विमान खाली आणू लागताच ते गती सोडीत नाही; खऱ्या डी.सी.-३ मध्ये जेथून उतरणीस आरंभ करावा, तेथून आरंभ केल्यास धावपट्टी मागे पडते. रेट्याचा गुणक वाढविण्याचा मार्ग तर सर्वांत फसवा आहे. प्रॉपेलरची कार्यक्षमता मुळात ८० टक्के धरलेली असेल, तर १.२१ ने गुणिल्यावर ती ९७ टक्के होते. असा प्रॉपेलर आजवर कोणी घडविलेला नाही. मात्र फाइलीत '९७ टक्के' असे कोठेही लिहिलेले आढळत नाही. तेथे १.२१ हा एक निरुपद्रवी दिसणारा आकडा असतो, आणि त्यातील अशक्यता गुणाकार केल्यावाचून नजरेस येत नाही.

ग्रंथसंपादनाशी परिचय असलेल्या वाचकास हा प्रकार नवा वाटणार नाही. दुर्बोध ओळीला अर्थ यावा म्हणून संपादकाने स्वतःच्या बुद्धीने शब्द बदलावा आणि बदलल्याची खूण मात्र ठेवू नये, तसेच हे आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ मध्ये आरंभ झालेल्या व १९६६ मध्ये पूर्णतेस गेलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची थोरवी केवळ जमविलेल्या पोथ्यांच्या संख्येत नाही. १९२५ पासून प्रमुख संपादक असलेल्या विष्णु सीताराम सुकथनकर यांनी स्वकल्पित पाठ घालण्याच्या मोहाला कसोशीने आवर घातला, आणि जेथे स्वीकारलेला पाठ निश्चित म्हणता येत नव्हता तेथे त्याखाली नागमोडी रेषा ओढण्याचा प्रघात पाडला. संपादकाला कोठपर्यंत ठाऊक आहे आणि कोठून पुढे तो अंदाज करीत आहे, हे वाचकाला त्या रेषेवरून कळते. सिम्युलेटरच्या प्रतिरूपात ही रेषा नसते. मोजलेला आकडा, गणिताने काढलेला आकडा, अन्य विमानावरून उसना घेतलेला आकडा आणि रात्री उशिरा कंटाळून घातलेला आकडा, हे चारही एकाच वळणाच्या अक्षरांत शेजारी शेजारी बसलेले असतात.

उसनवारीचा भाग तर पोथ्यांच्या वंशवृक्षाची आठवण करून देणारा आहे. हौशी प्रतिरूपकारांत, एका विमानाची फाइल घेऊन तीत फेरफार करून दुसरे विमान सिद्ध करावयाचे, हा परिपाठ जुना आहे. त्यात गैर असे काही नाही. नकलेवाचून कोणतीही परंपरा चालत नाही. परंतु नकलेबरोबर चुकाही वंशपरंपरेने उतरतात. डी.सी.-३ च्या इंजिनाची धुरा व प्रॉपेलर यांमध्ये १६ : ९ या प्रमाणात फेऱ्या घटविणारी चक्रमाला असते. इंजिन मिनिटाला २७०० फेऱ्या करीत असता प्रॉपेलर सुमारे १५१९ फेऱ्या करतो. पात्यांचा व्यास सुमारे साडेअकरा फूट धरल्यास टोकाची गती सेकंदाला सुमारे ९१५ फूट येते, म्हणजे समुद्रसपाटीवरील ध्वनिगतीच्या बरीच आत. ज्या विमानात अशी चक्रमाला नाही, त्याची फाइल आधारास घेतली आणि हे प्रमाण १ : १ असेच राहून गेले, तर तीच टोके सेकंदाला सोळाशे फुटांवर, ध्वनीच्या जवळजवळ दीडपट गतीने फिरू लागतात. प्रॉपेलरचे सर्व गणित तेथे कोसळावयास हवे. ते कोसळतेही; पण प्रतिरूपकाराला दिसते ते इतकेच की रेटा कमी पडत आहे. तो रेट्याचा गुणक वाढवितो, १६० नॉटांचा आकडा जुळतो, आणि मूळ चूक कायमची गाडली जाते. पुढे त्या फाइलीवरून तिसरे विमान तयार होते, तेव्हा चूक व तिच्यावरील ठिगळ ही दोन्ही त्याच्या वाट्यास येतात. समान अपपाठावरून पोथ्यांचे नाते ओळखतात, तसे समान ठिगळावरून प्रतिरूपांचे नाते ओळखता यावे.

येथवर सांगितलेले दोष एक इंजिनाच्या विमानातही संभवतात. दोन इंजिनांच्या विमानाची खरी परीक्षा एक इंजिन बंद पडल्यावर होते. जुळवणीतील असत्य तेथे उघडे पडते, कारण तेथे शिल्लक अत्यंत थोडी असते. दोन्ही इंजिने चालू असता चढण्यासाठी मुबलक शक्ती उपलब्ध असते. एक बंद पडताच शक्ती निम्मी होते, पण चढ निम्मा होत नाही. तो त्याहून कितीतरी खाली येतो, कारण चढ उरलेल्या शक्तीवर चालतो, आणि केवळ हवेत तरंगत राहण्याचा खर्च पूर्वीइतकाच, किंबहुना थोडा अधिकच असतो. २५,२०० पौंड वजनाच्या विमानात प्रत्यक्ष कामी येणाऱ्या १०० अश्वशक्ती म्हणजे मिनिटाला सुमारे १३० फुटांचा चढ, हे साध्या भागाकाराने निघते. दोन्ही इंजिनांवर चढणाऱ्या विमानात या १३० फुटांची चूक कोणाच्या लक्षातही येणार नाही. एका इंजिनावर तीच चूक टेकडी ओलांडणे आणि न ओलांडणे यांतील अंतर ठरू शकते.

त्यात प्रॉपेलरची गुंतागुंत मिळते. बंद पडलेल्या इंजिनाचा प्रॉपेलर वाऱ्याने पवनचक्कीप्रमाणे फिरत राहिला, तर तो इंजिनालाही फिरवितो व मोठा रोध उत्पन्न करतो. म्हणून पाती वाऱ्याला समांतर वळवून तो थांबवावा लागतो; वैमानिकांच्या भाषेत त्यास 'फेदर' करणे म्हणतात. प्रतिरूपात या दोन स्थितींतील रोधाचा फरक बरोबर उतरला आहे की नाही, हे प्रवासगतीच्या आकड्यावरून कधीच कळणार नाही, कारण प्रवासात दोन्ही इंजिने चालू असतात. पुस्तिकेत एका इंजिनावरील चढाचे आकडे दिलेले असले, तरी ते सामान्यतः फेदर केलेल्या प्रॉपेलरचे असतात. पवनचक्कीच्या स्थितीचा आकडा अन्यत्र शोधावा लागतो, नपेक्षा कल्पावा लागतो. म्हणजे नागमोडी रेषा जेथे अत्यंत अवश्य, ते स्थळ हे.

१५ जानेवारी २०२३ रोजी नेपाळमधील पोखरा येथे ए.टी.आर. ७२ जातीचे, दोन प्रॉपेलरांचे प्रवासी विमान उतरण्यापूर्वी कोसळून त्यातील ७२ जण मृत्युमुखी पडले. चौकशीत असे आढळले की दोन्ही प्रॉपेलर नियंत्रित करणारे दांडे अनवधानाने फेदरच्या स्थितीत नेले गेले होते : इंजिने चालू होती, रेटा मात्र नव्हता. ज्या प्रतिरूपात इंजिनाची शक्ती गुणिले एक गुणक म्हणजे रेटा एवढेच समीकरण असेल, त्यात ही अवस्था मांडताच येत नाही. तेथे इंजिन चालू असणे आणि रेटा असणे हे समानार्थी शब्द होऊन बसतात. अशा प्रतिरूपाची प्रवासगती अर्ध्या नॉटापर्यंत अचूक असली, म्हणून प्रॉपेलर-विमानाचे त्याचे आकलन पुरे झाले असे म्हणता येणार नाही.

दिशेचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. डावे इंजिन बंद पडले की उजव्या इंजिनाचा रेटा विमानाचे नाक डावीकडे वळवितो. सुकाणूने ते सावरावयाचे. सुकाणूचे बळ गतीच्या वर्गाबरोबर घटते, म्हणून एका ठरावीक गतीच्या खाली पूर्ण सुकाणू लावूनही विमान सरळ राहत नाही. ही जी किमान गती, ती दोन इंजिनांच्या विमानाच्या अभ्यासातील मर्मस्थानी असलेली संख्या होय. वर सांगितलेला रेट्याचा गुणक १.२१ केला, तर वळविणारा जोरही एकवीस टक्क्यांनी वाढतो, आणि १.२१ चे वर्गमूळ १.१ असल्याने ही किमान गती स्थूलमानाने दहा टक्क्यांनी वर जाते. प्रतिरूपकाराच्या ध्यानात ते आलेच, तर तो सुकाणूचा गुणक वाढवून गती पुन्हा पुस्तिकेतील जागी आणतो. आता दोन आकडे जुळले आणि दोन कारणे बिघडली. बिघडलेले सुकाणू पुढे आडव्या वाऱ्यात उतरताना, किंवा डी.सी.-३ सारखे शेपटीवर चाक असलेले विमान जमिनीवर धावत असता, आपला हिशेब निराळ्या रीतीने वसूल करते.

डी.सी.-३ चे दोन्ही प्रॉपेलर मागून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. नाक वर उचललेले असता खाली येणारे पाते वर जाणाऱ्या पात्यापेक्षा अधिक रेटा देते. म्हणून प्रत्येक प्रॉपेलरच्या रेट्याचा मध्य किंचित उजवीकडे सरकतो. उजव्या इंजिनाच्या बाबतीत तो विमानाच्या मध्यरेषेपासून दूर जातो, डाव्याच्या बाबतीत जवळ येतो. म्हणूनच एकटे उरलेले उजवे इंजिन अधिक जोराने नाक वळविते, आणि डावे इंजिन बंद पडणे अधिक धोक्याचे मानले जाते. हाच परिणाम जमिनीवर धावताना विमानास डावीकडे खेचतो. घरी बसून उडविणाऱ्यास ते त्रासदायक होते. मायक्रोसॉफ्टच्या आवृत्त्यांत हा परिणाम कमीजास्त करणारा गुणक फाइलीतही असे आणि वास्तवतेच्या प्रमाणपट्टीच्या रूपाने वापरणाऱ्याच्या हातीही असे. धाव सोपी व्हावी म्हणून तो शून्यावर आणला, की आकाशातील एक सत्य नाहीसे होते : डावे व उजवे यांत भेद उरत नाही. तक्रार जमिनीवरील होती, किंमत हवेत मोजली गेली. आणि अशा प्रतिरूपावर सराव केलेल्या हौशी वैमानिकाला आपण काय गमावले याची वार्ताही नसते.

भिन्न भिन्न सिम्युलेटरांनी या अडचणीतून काढलेल्या वाटा तुलनेस योग्य आहेत. ऑस्टिन मायर यांच्या 'एक्स-प्लेन'चा पाया पाते-खंडांच्या सिद्धांतावर आहे. विल्यम फ्रूड यांनी १८७८ मध्ये मांडलेल्या व पुढे द्रेव्हिएत्स्की यांनी वाढविलेल्या या सिद्धांताप्रमाणे पात्याचे लहान लहान खंड कल्पून प्रत्येकावरील बल निराळे काढतात व त्यांची बेरीज करतात. 'एक्स-प्लेन' हीच रीत पंखांनाही लावते. खाली येणाऱ्या पात्याचा अधिक रेटा तेथे वेगळ्या गुणकाने घालावा लागत नाही. तो भूमितीतूनच निघतो. हा गुण थोर आहे. परंतु पंख, इंजिनांची आवरणे व प्रॉपेलरचा झोत यांचा परस्परांवर होणारा परिणाम खंडांच्या बेरजेत पुरता येत नाही. शेवटी तेथेही पंखाच्या छेदाचे आकडे हाताने फिरविण्याची पाळी येते, आणि भूमिती खरी असल्यामुळे निष्पत्तीही खरीच असणार, हा भ्रम मात्र बळावतो.

मुक्त-स्रोत 'फ्लाइटगिअर'मधील 'यासिम' या पद्धतीची तऱ्हा निराळी. तीस विमानाची मापे आणि प्रवास व उतरण या दोन प्रसंगींची गती द्यावयाची. त्या दोन बिंदूंतून जाणारे रोधाचे व उत्थापनाचे आकडे ती स्वतः शोधते. दिलेली मापे व दिलेल्या गती यांचा मेळ वाजवी मर्यादेत बसेना, तर ती उत्तर देण्याचे नाकारते. या नकाराची योग्यता अनेकदा ओळखली जात नाही. 'तुमची साक्ष परस्परविरोधी आहे' असे संपादकास सुनावणारी पोथी कोणास मिळाली आहे? तथापि दोन बिंदूंनी बांधलेली ही पद्धत तिसऱ्या बिंदूविषयी, एका इंजिनावरील उड्डाणाविषयी, काही हमी देत नाही.

'जे.एस.बी.सिम' हे तिसरे साधन. त्यात विमानावरील प्रत्येक बल अनेक पदांची बेरीज म्हणून मांडतात, आणि प्रत्येक पदाला आपला कोष्टक व आपले वर्णन असते. हे सर्व साध्या मजकुराच्या फाइलीत असल्याने कोणासही वाचता येते. आरंभीची फाइल विमानाच्या ढोबळ मापांवरून यंत्राने काढून घेण्याची सोय आहे. अनेक प्रतिरूपे त्या आरंभीच्या फाइलीपुढे फारशी सरकत नाहीत, हा दोष साधनाचा नव्हे. या पद्धतीचे खरे वैशिष्ट्य असे की प्रत्येक आकड्याशेजारी त्याचे मूळ लिहिण्यास जागा आहे. पाठभेदांची तळटीप देण्याची सोय जेथे आहे, तेथे ती न देण्यास सबब राहत नाही.

या सर्व विवेचनावर एक आक्षेप संभवतो, आणि तो वजनदार आहे. सिम्युलेटरचे प्रयोजन अनुभव देणे हे आहे, आकडे देणे हे नव्हे. मग अनुभव प्रत्ययकारी झाला की कारणांची चौकशी कशाला? या मतास इतिहासाचा आधारही आहे. एडविन लिंक यांनी १९२९ च्या सुमारास बिंगहॅम्टन येथे जे पहिले यशस्वी शिक्षण-यंत्र बनविले, ते वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यातील भाते व झडपा वापरून. त्यात वायुगतिकीचे एकही समीकरण नव्हते. तरीही ढगांत केवळ तबकड्यांवर विसंबून उडण्याचे शिक्षण त्याने यशस्वीपणे दिले, आणि १९३४ मध्ये टपाल-उड्डाणांत वैमानिकांचे बळी गेल्यावर अमेरिकन सैन्याच्या विमानदलाने अशी सहा यंत्रे विकत घेतली. तेव्हा अनुकृती अपुरी असूनही उपकारक होऊ शकते, हे मान्यच केले पाहिजे. परंतु लिंकच्या यंत्राने डी.सी.-३ असल्याचा आव आणला नव्हता. ते कोणत्याच विमानाचे प्रतिरूप नव्हते. ते एका कौशल्याचे साधन होते. ज्या प्रतिरूपाच्या दर्शनी पृष्ठावर विशिष्ट विमानाचे नाव व 'पुस्तिकेप्रमाणे' हा शिक्का असतो, त्यास लिंकचा बचाव लागू होत नाही.

व्यावसायिक शिक्षणाच्या सिम्युलेटरांत हा प्रश्न आवडीनिवडीचा राहिलेला नाही. अमेरिकेच्या नियमांत एका इंजिनावरील चढासाठी मिनिटाला १०० फूट अथवा ५ टक्के, आणि दिशा सांभाळता येण्याच्या किमान गतीसाठी ३ नॉट एवढीच सूट आहे; वर काढलेली १३० फुटांची चूक तेथे बहुधा नापास होईल. चाचण्याही एका प्रवासगतीवर न थांबता उड्डाणाच्या अनेक अवस्थांत घेतल्या जातात, त्यामुळे एका ठिकाणचे ठिगळ दुसऱ्या ठिकाणी उसवते. हौशी प्रतिरूपकारासही हा धडा घेण्यासारखा आहे : जुळवणी एका आकड्यावर करावी, आणि परीक्षा जुळवणीत न वापरलेल्या आकड्यांवर घ्यावी.

तथापि या नियमांच्या जाळ्यालाही एक मोठे भोक होते. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेतील बफेलोजवळ कोलगन एअरचे उड्डाण ३४०७, दोन प्रॉपेलरांचे क्यू-४०० विमान, उतरण्याच्या मार्गावर असता स्टॉलमध्ये गेले, म्हणजे पंखांवरील प्रवाह सुटून त्याचे उत्थापन ढासळले. विमानातील ४९ व जमिनीवरील एक असे ५० जण मरण पावले. धोक्याची सूचना देऊन दांडा थरथरू लागला, तेव्हा वैमानिकाने तो पुढे ढकलण्याऐवजी मागे ओढला, असे चौकशीत निष्पन्न झाले. त्या काळच्या शिक्षणात सूचना मिळताच सावरण्याचा सराव होत असे. पूर्ण स्टॉलचा नसे. तो देणे कठीणच होते, कारण सिम्युलेटरांतील प्रतिरूपे त्या प्रदेशात पडताळलेली नव्हती. विमान-कारखाने स्टॉलपलीकडे फार खोल जाऊन मोजमापे घेत नाहीत, आणि जेथे मोजमाप नाही तेथे प्रतिरूप म्हणजे कोष्टकाचा शेवटचा आकडा पुढे रेटलेला. अधिकृत परीक्षेत उत्तीर्ण झालेला ग्रंथ होता. त्याचा शेवटचा अध्याय मात्र कल्पित होता, आणि त्याखाली रेषा नव्हती.

२०१३ मध्ये अमेरिकेने पूर्ण स्टॉलचे शिक्षण आवश्यक ठरविले, आणि २०१६ मध्ये सिम्युलेटरांच्या पात्रतेचे नियम त्यासाठी विस्तारले. उड्डाण-चाचणीची पुरेशी साधने उपलब्ध नसतील तेथे काय करावे, याचे त्यांतील उत्तर समीक्षेच्या अभ्यासकाचे कुतूहल जागे करणारे आहे. ते विमान स्वतः स्टॉलमध्ये नेल्याचा अनुभव असलेल्या जाणकार वैमानिकाने प्रतिरूप उडवून पाहावे व ते प्रातिनिधिक असल्याचा निर्वाळा द्यावा, असा तो मार्ग. साधनग्रंथ संपल्यावर सहृदयाची साक्ष प्रमाण मानण्याचाच हा प्रकार. संस्कृत काव्यशास्त्राला तो परका नाही, आणि त्याच्या मर्यादाही तेथे पुष्कळ चर्चिल्या गेल्या आहेत : सहृदयाला जे आठवते ते आणि जे घडले ते एक असेलच असे नाही, विशेषतः ते काही क्षणांत घडलेले असेल तेव्हा. परंतु या मार्गाचा विशेष असा की ही साक्ष साक्ष म्हणून कागदावर येते. कोणत्या आधारावर प्रतिरूप स्वीकारले, मोजमाप कोठे संपले व जाणकाराचा कौल कोठून सुरू झाला, हे निवेदन सादर करावे लागते.

हौशी प्रतिरूपकाराला असे निवेदन कोणी मागत नाही. ज्या प्रतिरूपाच्या फाइलीत पवनचक्कीच्या स्थितीतील रोधाच्या आकड्याशेजारी 'अंदाज. फेदरच्या आकड्यावरून' एवढे तीन शब्द लिहिलेले सापडतात, त्या फाइलीतील उरलेल्या आकड्यांकडेही वाचक निराळ्या विश्वासाने पाहू लागतो. पुढे त्या जागी खरे मोजमाप कोणाच्या हाती लागले, तर ते कोठे घालावयाचे हेही त्यास शोधावे लागत नाही.